मागाच्या खड्ड्यातला पंच

जागेश्वर निमजेला जग गुडघ्यापर्यंतच दिसत असे. यात त्याचा दोष नव्हता. कोष्ट्याचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबतो आणि त्याची नजर जमिनीच्या वर हातभर येऊन थांबते. जागेश्वरच्या खड्ड्यासमोरच्या भिंतीत त्याच्या वडिलांनी उजेडासाठी एक झरोका ठेवला होता. झरोक्याबाहेर सक्करदऱ्याकडून उमरेडला जाणारा रस्ता होता. त्याला खुरं दिसत, चपला दिसत, चाकं दिसत. चेहरे दिसत नसत, आणि चेहऱ्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं.

गल्लीत वीस-बावीस माग होते. पण रस्त्याकडे तोंड असलेला झरोका त्याचा एकट्याचा. बाकीच्यांच्या खड्ड्यांसमोर शेजाऱ्याची भिंत, नाहीतर बांधलेली शेळी. एवढ्या एका कारणामुळे जागेश्वर गल्लीचा पंच झाला. माणसं याहून कमी कारणांनीही मोठी होतात. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होतं, आणि राजधानीत तर असं रोजच घडत होतं.

गांधीबागेतल्या एका कापडाच्या शेटजीनं लढाईनंतर लष्कराच्या लिलावात दोन मोटारी घेऊन त्यांच्या बसगाड्या केल्या होत्या. एकीची चाकं लाल रंगवली, दुसरीची निळी. दोन्ही सकाळी नागपूरहून उमरेडला जात आणि दिवस कलता परत येत. शेटजीनं डायव्हरांना पगार थोडा ठेवला आणि उतारूंवर वाटा ठेवला. पुढे पोचेल त्याला रस्त्यातले उतारू, मागे राहील त्याला धूळ. त्यामुळे रोज शर्यत लागत असे. लग्नसराईत तर ती पाहण्यासारखी असे, म्हणजे जागेश्वरला.

कारण लग्नसराईत गल्लीतला एकही पुरुष गाडीत बसत नसे. ही तिथली रीतच होती. जगाची लग्नं असली की कोष्ट्याला साड्यांची घाई असते, म्हणून कोष्टी स्वतः कोणाच्याच लग्नाला जात नाही. घरच्या बाया जातात, आहेर देतात, अक्षता टाकतात आणि पुरुषाच्या नावानं माफी मागतात. बाया लालमध्ये बसत, निळीत बसत, पाचगावला उतरून पाणी पीत, दोन्ही डायव्हरांना नावानं ओळखत. पण संध्याकाळी कवडूच्या पानठेल्यावर जमणाऱ्या मंडळींनी गाड्यांविषयी कधी बायांना काही विचारलं नाही. विचारायला जागेश्वर होता.

कवडू दिवसा मागावर आणि संध्याकाळी ठेल्यावर बसे. तो निळ्या गाडीचा आणि तिच्या डायव्हरचा, मधुकरचा. लाल गाडीच्या आणि तिच्या रुपरावच्या बाजूनं नत्थूजी, गल्लीतला सगळ्यात म्हातारा विणकर. जागेश्वर अंग धुऊन आला की सगळे गप्प होत.

‘‘सकाळी लाल पुढे,’’ जागेश्वर सांगे. ‘‘येताना बी लालच. निळी मागून आली, पन सरळ आली.’’

‘‘म्या काय म्हनलं होतं?’’ नत्थूजी मांडीवर थाप मारीत. ‘‘रुपराव म्हंजे रुपराव.’’

‘‘रुपरावचं काय हाय त्यात? लालचं इंजन मोठं हाय. मधुकरले बसवा लालवर, मंग पाहा.’’

‘‘इंजनानं काय होते गा? तुह्या मागावर मी बसलो तं काय माह्यं लुगडं तुह्यासारखं ढिलं निंगन?’’

‘‘गाडी मोठी का हाकनारा मोठा, येवढं सांगा जागेश्वरभाऊ.’’

जागेश्वर पान लावून घेई, चुना बोटानं पुसे आणि म्हणे, ‘‘चाक सांगते.’’

या वाक्याचा अर्थ कोणी विचारत नसे. अर्थ विचारला असता तर वाद संपला असता, आणि वाद संपवण्याची कोणाचीच इच्छा नव्हती. सूत महाग झालं होतं, गिरणीचं लुगडं स्वस्त झालं होतं, उमरेडची पोरं माग सोडून मिळेल त्या कामाला चालली होती. दिवसभर खड्ड्यात बसलेल्या माणसाला संध्याकाळी कुठेतरी वेगानं जायचं असतं. ठेल्यावर बसल्याबसल्या ही माणसं रोज उमरेडला जाऊन येत.

एकदा कोणीतरी जागेश्वरला म्हणालं, ‘‘भाऊ, एक डाव बसून तं पाहा गाडीत.’’

‘‘पंचानं बसू नये,’’ जागेश्वर म्हणाला. ‘‘बसलं की भीड पडते.’’ यावर सगळ्यांनी माना हलवल्या.

स्वराज्य आल्यापासून गल्लीनं आणखी एक प्रथा पाडली होती. तुळशीच्या लग्नापासून आखाजीपर्यंतच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या, हंगामात जो डायव्हर श्रेष्ठ ठरे, त्याला आखाजीच्या दिवशी नारळ द्यायचा आणि जागेश्वरनं विणलेला शेला पांघरायचा. देशात तेव्हा सगळंच निवडून देणं चाललं होतं. आधीच्या वर्षी एका पंजाबी डायव्हरनं शेला घेतला आणि तो इटारसीकडे निघून गेला. त्याच्यासारखा आता होणे नाही, असं नत्थूजी दर आठवड्याला म्हणत. त्यांनी त्याला गाडी हाकताना कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र शेल्याबरोबर दुसरंही काही पणाला लागलं. जागेश्वरची मुलगी सुभद्रा लग्नाची झाली होती. हिवाळ्याच्या शेवटी तिला दोन स्थळं सांगून आली, दोन्ही उमरेडची, दोन्ही जातीतली, दोन्ही माग सोडून गाडीवर बसलेली. एक रुपराव, दुसरा मधुकर.

दुसऱ्या कोणत्याही बापानं घर पाहिलं असतं, शेत पाहिलं असतं, सासूचा स्वभाव विचारला असता. जागेश्वर ठेल्यावर गेला आणि म्हणाला, ‘‘आखाजीले ज्याले शेला, त्याले पोरगी.’’

गल्ली धन्य झाली. आता वादाला वजन आलं. लोक त्या दिवशी घरी उशिरा गेले.

घरी प्रयागबाईनं, त्याच्या बायकोनं, ताट त्याच्यापुढे सरकवलं. ‘‘काहून जी, पोरगी हाय का नारळ?’’

‘‘तुले नाही समजत त्यातलं.’’

‘‘मले नाही समजत. मी आपली त्याइच्या गाडीत बसतो फक्त.’’

सुभद्रा कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिचा रहाट थांबला नाही. तिला मधुकर हवा होता, आणि हे तिच्या आईला ठाऊक होतं. मधुकर म्हातारीसाठी गाडी थांबवत असे, पिंपात पाणी भरून ठेवत असे, आणि एकदा चांपा गावाजवळ कोणाचं तरी लेकरू रडत होतं तर त्यानं गाडी उभी करून त्याला भोंगा वाजवू दिला होता. रुपराव वाईट नव्हता. तो आरशात पाहून भांग पाडत असे, एवढंच. पण बापाची जीभ सकाळ-संध्याकाळ रुपरावच्या नावानं ओली होत होती. लाल चाकं पुढे जात होती आणि सुभद्राला ती आपल्या अंगावरून जात आहेत असं वाटत होतं.

शिमगा झाला. सुभद्रा आईबरोबर उमरेडला मावशीकडच्या साखरपुड्याला गेली आणि परत आल्यावर दोघीही गप्प होत्या. त्या गप्प असण्यात हसू होतं, पण जागेश्वरला हसू दिसण्याइतकं वर पाहायची सवय नव्हती.

त्याच आठवड्यात तो ठेल्यावर उत्तेजित होऊन आला. ‘‘रुपराव आता खुलला,’’ तो म्हणाला. ‘‘पहिले माह्या झरोक्यापाशी वळनावर चाक जरा दबे. आता दबतच नाही. सोडलेल्या बानासारखं जाते. माह्या जिंदगीत असं चाक पाह्यलं नाही.’’

‘‘अरारा!’’ नत्थूजींचे डोळे भरून आले.

‘‘आन निळी?’’ कवडूनं विचारलं.

‘‘निळी भेकड झाली. वळनावर थांबते काय, वाट देते काय. मधुकर थकला.’’

कवडू त्या संध्याकाळी पानाला कात लावायला विसरला.

घरी सुभद्रा आता बापाला वाढताना विचारू लागली, ‘‘बाबा, आज कोन पुढे होतं?’’ आणि जागेश्वर सांगू लागला. मुलीला आपल्या कामात रस आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. ‘‘शिमग्यापासून लालवाल्याले तोड नाही,’’ तो म्हणे. ‘‘मंग शेला त्यालेच?’’ ती विचारी. ‘‘त्यालेच.’’ ‘‘लालवाल्यालेच ना? बोल फिरवान नाही?’’ ‘‘जागेश्वर निमजेचा बोल हाय वं!’’ प्रयागबाई चुलीकडे तोंड करून फुंकणी शोधत राही. फुंकणी तिच्या हातातच असे.

आखाजीला माग बंद होते. सगळी गल्ली रस्त्यावर निंबाच्या झाडाखाली आली. जागेश्वरच्या हातात शेला, कवडूच्या हातात नारळ, नत्थूजींच्या हातात हार. कितीतरी महिन्यांनी ही माणसं दिवसाच्या उजेडात रस्त्यावर उभी होती. ती एकमेकांकडे अनोळख्यासारखं पाहत होती.

लाल गाडी आली. लोकांनी हात केले. गाडीनं भोंगा दिला, निंबाजवळून गेली, हौदाजवळून गेली, आणि पार पुढे चढावर जाऊन कशीबशी उभी राहिली. क्लीनर उडी मारून चाकाखाली दगड सरकवू लागला. हार, नारळ आणि शेला घेऊन गल्ली तिच्यामागे धावली. नत्थूजी सगळ्यात शेवटी पोचले.

खाली उतरलेला तरुण घामानं भिजला होता. जागेश्वरनं त्याच्या खांद्यावर शेला टाकला. ‘‘रुपरावजी,’’ तो धापा टाकत म्हणाला, ‘‘असा हंगाम झाला नाही, असा—’’

‘‘मी मधुकर,’’ तरुण म्हणाला.

तेवढ्यात निळी गाडी आली आणि बरोबर निंबाखाली, जिथं थांबायला हवं होतं तिथं थांबली. रुपराव केसांवर हात फिरवत उतरला. हा काय प्रकार आहे ते कळल्यावर तो मोकळेपणानं हसला. ‘‘मी तं शिमग्यापासून निळीवर हाय जी. लालवर मी नाही बसत म्हनून सांगतलं मालकाले. मंग त्यानं याले देल्ली. नवा हाय बिचारा, नाही म्हनता येत नाही त्याले.’’

सगळ्यांनी जागेश्वरकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. मग त्यानं शेल्याची किनार मधुकरच्या खांद्यावर नीट केली.

‘‘म्या म्हनलं नव्हतं?’’ तो गल्लीला म्हणाला. ‘‘शिमग्यापासून चाल बदलली म्हनून? मले त्याच दिवशी समजलं होतं. फक्त नाव नाही घेतलं.’’

गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. कवडू नाचलाच. नत्थूजींनी क्षणभर विचार केला आणि आपण पहिल्यापासून गाडीच्या नाही, कलेच्या बाजूनं होतो, असं सांगून हार मधुकरच्या गळ्यात घातला. सगळेच जिंकले होते.

मधुकरनं जागेश्वरला गाडीच्या मागे नेलं. ‘‘मामाजी,’’ तो म्हणाला. स्थळ ठरल्यासारखंच होतं, म्हणून त्यानं तसं म्हटलं. ‘‘मान देल्ला, उपकार झाले. पन एक काम करा. लालचे ब्रेक गेले हायेत.’’

‘‘म्हंजे?’’

‘‘म्हंजे लागतच नाहीत. चढाव पाहून उभी करा लागते. वळनावर दाबतो तं पाय खाली फळीले लागते. मालक माह्यं ऐकत नाही. तुमची लुगडी घेते तो, तुमचं ऐकन.’’

जागेश्वरनं वाकून लाल चाकाकडे पाहिलं. झरोक्यातून दिसलेलं ते न दबणारं चाक त्याला आठवत होतं, आणि त्याच्यावर तो जे जे बोलला होता ते सगळं.

घरी आल्यावर त्यानं सुभद्राला विचारलं, ‘‘गाडी बदलली ते तुले मालूम होतं?’’

‘‘होतं.’’

‘‘ब्रेकचं?’’

रहाट थांबला. ‘‘कायचं ब्रेकचं?’’

त्यानं सांगितलं. ती ऐकत असताना त्यानं बऱ्याच वर्षांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘आमी म्हनत होतो, नवा हाय, म्हनून पुढे नेऊन थांबवते. आमी हासत होतो त्याले.’’ मग ती आईजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी जागेश्वर विणलेली साडी काखेत मारून गांधीबागेत गेला. शेटजी गादीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांनी पाणी मागवलं, साडीवर हात फिरवला, सगळं ऐकून घेतलं.

‘‘देख जागेश्वर,’’ ते म्हणाले, ‘‘ब्रेक दुरुस्त करायचे म्हणजे गाडी कारखान्यात उभी करावी लागते. लग्नसराई संपू दे. आणि एक सांगू? तुमच्या गल्लीनंच लालचं नाव केलं. दिघोरीपासून उमरेडपर्यंत लोक म्हणतात, बैठना तो लाल में, ती कुठे रुकत नाही. ती रुकायला लागली तर तिच्यात कोण बसेल? बेटीचं लग्न ठरलं म्हणे? बहुत अच्छा.’’

जागेश्वर पायी परत आला. त्यानं केलेलं नाव आता त्याच्या जावयाला रोज सकाळी उमरेडला नेत होतं आणि आणेल की नाही ते चढावांवर अवलंबून होतं. ते नाव मोडायला हवं होतं. संध्याकाळी तो ठेल्यावर उभा राहिला, आणि आयुष्यात प्रथमच त्यानं पाहिलेलं नव्हे, तर खरं ते सांगितलं.

‘‘लालचे ब्रेक गेले हायेत. म्हनून तिचं चाक दबत नाही. त्यात कला-बिला काही नाही.’’

 कंदिलाभोवती किडे फिरत होते.

‘‘ब्रेक नाहीत?’’ नत्थूजींनी हळूच विचारलं.

‘‘नाहीत.’’

‘‘ब्रेक नाहीत, आन तरी इतका हाकते?’’ म्हातारा थरथरत उभा राहिला. ‘‘अरे, मंग तं हा देव हाय!’’

‘‘तो पंजाबी कुठचा कोन याच्यापुढे!’’ कोणीतरी ओरडलं.

‘‘त्याले तं ब्रेक होते!’’ कवडू म्हणाला. ‘‘ब्रेक असून कोनी बी हाकन!’’

‘‘अरे मरन तो!’’ जागेश्वर ओरडला. ‘‘पोरगी देऊन राह्यलो मी त्याले!’’

‘‘भाऊ, तुमी आता सासरे झाले,’’ कवडू समजुतीनं म्हणाला. ‘‘तुमाले भीड पडली. आता तुमचं पंचाचं काम राह्यलं नाही.’’

सगळ्यांनी माना हलवल्या. तशाच, पूर्वी हलवल्या होत्या तशा. जागेश्वर तिथं थोडा वेळ उभा राहिला. वाद त्याच्यावाचून पुढे गेला होता. आता त्यांना झरोक्याचीही गरज नव्हती.

तो घरी आला तेव्हा ओसरीवर गल्लीतल्या बाया बसल्या होत्या. मधे सुभद्रा होती. रंभाबाई, नत्थूजींची सून, म्हणत होती, ‘‘पाचगावच्या उतारावर मले बी वाटलं होतं वं. लेकराले घट्ट धरून बसली होती मी.’’

‘‘मंग बसाचंच नाही,’’ प्रयागबाई म्हणाली. ‘‘निळी भरली तं दुसऱ्या दिवशी जाऊ. पाय नाहीत का आपल्याले?’’

‘‘आन रस्त्यात ज्या भेटतीन त्याइलेही सांगाचं,’’ सुभद्रा म्हणाली. जागेश्वर दारात उभा असलेला तिनं पाहिला. ‘‘बाबा, तुमी जेवून घ्या. ताट झाकलं हाय.’’

एवढंच झालं. लग्नसराईत त्या रस्त्यावरच्या गाड्या बायांनी भरत, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण लुगड्याचा घोळ झरोक्यातून दिसला तरी त्याची नोंद घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. आता लाल गाडी पुढे धावू लागली आणि रिकामी धावू लागली. बाया थांब्यावर उभ्या राहत, लाल गाडी आली की पाठ फिरवत. मधुकर रिकामी गाडी चढावावर उभी करून बसे आणि बायांना पाहून हसे. चार दिवस शेटजीनं वाट पाहिली. मग लाल गाडी कारखान्यात गेली आणि लग्नसराई संपायच्या आत ब्रेक लागून परत आली. शेटजीला माणसाचा जीव समजत नव्हता असं नाही. रिकामी बाकं त्याला जास्त लवकर समजत.

ठेल्यावर मात्र सुतक आलं. आता झरोक्याबाहेर रस्त्याच्या कडेला कवडूनं आपल्या भाच्याला बसवलं होतं. तो येऊन सांगे की लाल गाडी वळणावर दबते, लोकांना वाट देते, कधी कधी निळीच्या मागून येते. कारणं शोधली गेली. कोणी म्हणालं दृष्ट लागली. कोणी म्हणालं, लग्न ठरलं की माणूस असा होतो. पोरीच्या बापानंच दबाव आणला असेल, असंही एकजण बोलला.

ज्येष्ठात लग्न लागलं. त्या दिवशी गल्लीतले पुरुष त्या वर्षी पहिल्यांदाच कोणाच्या तरी लग्नाला हजर होते, कारण लग्न गल्लीतच होतं. वऱ्हाड निळ्या गाडीनं आलं. रुपरावनं ती मांडवाच्या दारात अशी उभी केली की केळीचं पानही हललं नाही. ते कोणी पाहिलं नाही.

पंगत बसली. मधुकर मुंडावळ्या बांधून पाटावर होता. शेजारी नत्थूजींनी मुद्दाम जागा धरली होती. त्यांनी बराच वेळ भात कालवला, मग नवरदेवाकडे वळले.

‘‘एक विचारू का जावाईबापू? राग नका मानू. शेवटी शेवटी तुमी ढिले काहून पडले?’’

‘‘ढिला नाही पडलो जी. मालकानं ब्रेक दुरुस्त केले.’’

नत्थूजींनी घास ताटात ठेवला. पंगतीतून ते वाक्य एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं, आणि ज्याच्यापर्यंत पोचलं तो चावायचा थांबला.

‘‘पाह्यलं?’’ नत्थूजी अखेर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता. ‘‘असं बिघडवतात एकेका कलावंताले.’’

‘‘यंदाचा शेला वापस घ्याव का मंग?’’ पलीकडून कवडू म्हणाला. ‘‘जागेश्वरभाऊ, तुमीच बोला. पंच होते तुमी.’’

जागेश्वर वाकून वाढत होता. खांद्यावर पंचा, हातात वरणाची बादली. उभं राहून वाढताना त्याला आज सगळ्यांचे चेहरे वरून दिसत होते, खाणारे, भांडणारे, ओठांना तूप लागलेले. पलीकडे बायांच्या घोळक्यात सुभद्रा हळदीच्या अंगानं बसली होती आणि रंभाबाई तिच्या कानात काहीतरी सांगून तिला हसवत होती.

‘‘वरन घे गा,’’ तो कवडूला म्हणाला. ‘‘थंडं होऊन राह्यलं.’’